लाकडाच्या भट्टीचा ब्लोअर: मोटर बदलाच्या नोंदी (राजेंद्र नगर, इंदूर)

४ ऑगस्ट २०२५

कार्यालयाच्या स्वयंपाकघरातली दोन तोंडांची लाकडाची भट्टी. बाहेरून ३ मिमी लोखंडी पत्रा, आत फायरब्रिक (आच सोसणारी वीट), मध्ये बिडाची जाळी आणि जाळीखाली राखेचा खण. हवा मारणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, एकच. त्याची अडीच इंची नळी पुढे दुभागते. एक फाटा जाळीखाली जातो, दुसरा तोंडाजवळच्या कड्यात. कड्याच्या भोकांतून येणारी हवा धुरावर पडते आणि धूर तिथेच जळतो. ब्लोअर मंदावला की आधी ही वरची हवा मरते, म्हणून पहिलं लक्षण आच कमी होणं नसतं, तर पातेल्यांची बुडं काळी होणं असतं. स्वयंपाक करणाऱ्या महाराजांची तक्रारही तीच होती: "भट्टी धूर फार करतेय." दोन दिवसांनी ब्लोअर पूर्ण थांबला.

मोटरच्या प्लेटवर: सिंगल फेज, पाव एचपी, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २८०० आरपीएम, १.९ अँपिअर, फ्रेम ७१, कपॅसिटर १० एमएफडी (मायक्रोफॅरड) ४४० व्होल्ट. पंखा थेट मोटरच्या शाफ्टवर, बेल्ट नाही.

स्विच दिला की नुसती हूं करते, सुटत नाही. अशा वेळी संशय तिघांवर: कपॅसिटर, स्टार्टिंग वाइंडिंग (मोटर सुटायला लागणारी गुंडाळी), जाम बेअरिंग. मेन बंद करून आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची पद्धत सर्रास आहे, पण त्याने टर्मिनल जळतात. होल्डरमधला साधा पिवळा बल्ब दोन टोकांना लावला की काम होतं.

कपॅसिटर मीटरवर ५.४ एमएफडी. दहाच्या कपॅसिटरला पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ९.५ च्या खाली गेला की टाकायचा. नवा लावल्यावर मोटर सुटली, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच संपतात. पण दहा मिनिटांत बॉडीवर हात ठेववेना, पुढच्या बाजूने घरघर येऊ लागली. बंद करून शाफ्ट हाताने फिरवला तर एका जागी अडकत होता.

वाइंडिंग: रनिंग १४.२ ओहम, स्टार्टिंग २६.८ ओहम, दोन्ही सलग. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर, वाइंडिंग ते बॉडी ०.३ मेगओहम. एक मेगओहमच्या खाली मोटर चालवू नये. पावसाळ्यात पडून असलेल्या मोटरचं रीडिंग नुसत्या दमटपणानेही पडतं. बल्बच्या उबेला रात्रभर ठेवली की वर येतं. पण ही मोटर रोज गरम होणारी. तिला ओल लागलेली नाही, तिच्या गुंडाळीवरचं वार्निश, म्हणजे इन्सुलेशन, गेलंय.

५ ऑगस्ट

मोटर उघडली. उघडण्याआधी दोन्ही एंड कव्हर आणि बॉडीवर पंचने जोडखुणा केल्या: पुढे एक ठिपका, मागे दोन. कव्हर उलटसुलट बसलं तर रोटर घासतो.

आतलं चित्र नीट पाहण्यासारखं होतं. दोन्ही बेअरिंगं ६२०२. मागचं अगदी ठणठणीत, ग्रीस अजून पिवळसर. पुढच्यात, म्हणजे पंख्याच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये, ग्रीसच्या जागी काळी भुकटी आणि आतली रिंग निळसर पडलेली. वाइंडिंगचंही तसंच. मागचं टोक तपकिरी, पुढचं काळं, नखाने वार्निशचे पापुद्रे निघतात. पंख्याच्या मागच्या तबकडीचा रंग जळालेला.

लोडमुळे मोटर जळते तेव्हा दोन्ही टोकं सारखीच काळी होतात, कारण करंट सगळ्या गुंडाळीतून एकच वाहतो. इथे फक्त पुढची बाजू भाजली आहे. म्हणजे उष्णता मोटरने तयार केलेली नाही, भट्टीतून शाफ्टवाटे आणि केसिंगवाटे आली आहे.

आणि ती ब्लोअर चालू असताना येत नाही. चालू ब्लोअर बाहेरची हवा ओढतो, भट्टीजवळच्या सगळ्या वस्तूंत तोच थंड असतो. खेळ सुरू होतो तो बंद केल्यावर. जाळीवर वीतभर निखारे, राखेचं दार लावलेलं, ब्लोअर जाळीपेक्षा उंचावर आणि मधली नळी जेमतेम १४ इंच, तीही ब्लोअरकडे चढती. हवा थांबली की गरम हवा त्याच नळीतून उलटी वर येते, केसिंगमध्ये भरते आणि ब्लोअरच्या तोंडातून बाहेर पडते. ब्लोअरच धुराडं होतो. स्वयंपाक उरकून स्विच बंद केला की रोज, आणि वीज गेली की भर आगीत. साधं लिथियम ग्रीस १२० अंशांच्या पुढे नेटाने टिकत नाही. रोज अर्धा-पाऊण तास भाजलं की त्यातलं तेल उडतं आणि तेलाला घट्ट धरणारा साबण तेवढा उरतो. भट्टीच्या ब्लोअरची मोटर चालून मरत नाही, थांबून मरते. मोटर बदलण्याइतकंच हे थांबणं सांभाळणं या कामात आहे, नाहीतर नवी मोटरही पुढच्या पावसाळ्यात इथेच उघडावी लागेल.

कपॅसिटरही त्याच वाटेने गेला. त्याची डबी नळीला चिकटून होती.

रिवाइंडिंगचा विचार सोडला. पैसे नव्या मोटरच्या तिसऱ्या हिश्शाइतके लागतात हे खरं, पण पुढच्या कव्हरमधलं बेअरिंगचं घर ३५ मिमीच्या जागी ३५.०८ मोजतंय. बेअरिंगची बाहेरची रिंग ॲल्युमिनियममध्ये फिरत होती. पंचने टिंब मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून घट्ट करणारे भेटतात. २८०० आरपीएमला ते काही आठवडे टिकतं. शिवाय जुनी गुंडाळी काढायला बरेच वाइंडर स्टेटर जाळतात. त्यात पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर रिकामी चालतानाही तापते.

७ ऑगस्ट

मोटर महाराणी रोडवरून, बाकी सामान सियागंजातून. मोटर घेताना फक्त एचपी सांगून भागत नाही. दुकानात पाव एचपी म्हटलं की १४४० आरपीएमची चार पोलची मोटर सहज पुढे येते, कारण तीच जास्त खपते. या पंख्याला ती लावली तर हवा निम्मी आणि दाब चौथाई. हवा वेगाच्या प्रमाणात पडते, दाब वेगाच्या वर्गाच्या. ओल्या बाभळीतून हवा ढकलायला चौथाई दाब पुरत नाही.

फ्रेम ७१, फूट माउंट म्हणजे पायांवर बसणारी: शाफ्ट १४ मिमी, बाहेर ३० मिमी, चावी (शाफ्टच्या खाचेतली पट्टी) ५ बाय ५, पायांची भोकं आडवी ११२ आणि उभी ९० मिमी, मध्याची उंची ७१. हे सगळं दुकानातच व्हर्नियरने मोजून घेतलं. फ्रेम ६३ ची मोटर स्वस्त पडते, पण तिचा शाफ्ट ११ मिमी. मग बुश करा, खाली पॅकिंग द्या, आणि बुशमधली शतांश मिमीची चूक पंख्याच्या कडेला थरथर बनून दिसते. इन्सुलेशन क्लास एफ मागितला, १५५ अंशांचा. क्लास बी १३० चा. पैशांत फरक किरकोळ.

बेअरिंग ६२०२ झेडझेड, म्हणजे पत्र्याच्या सीलची, आहेत याची खात्री केली. धूळ आहे म्हणून रबर सीलचं घ्या असा सल्ला मिळतो. राखेपासून रबर वाचवतं खरं, पण उष्णतेने तेच कडक होऊन चिरतं. भट्टीशेजारी पत्र्याचं सील बरं, राख दूर ठेवायची सोय वेगळी करायची.

८ ऑगस्ट

पंखा. लोखंडी, २०० मिमी व्यासाचा, सहा सरळ पाती. काढताना पुलर तबकडीच्या कडेला लावू नये, तबकडी वाकते आणि परत सरळ होत नाही. हबमध्ये, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात, एम ६ ची दोन भोकं आहेत, तिथे बोल्ट लावून ओढला. त्याआधी हब शाफ्टवर धरून ठेवणारे ग्रब स्क्रू पूर्ण बाहेर काढले. एक चावीवर असतो, दुसरा ९० अंशांवर काजळीखाली लपलेला; दुसरा न काढता ओढणाऱ्यांनी शाफ्टवर खोल चरे पाडलेले पाहायला मिळतात.

पात्यांवर डांबरासारखा थर. हाही उलट्या हवेचाच पुरावा. ओल्या लाकडाचा धूर नळीतून वर येतो आणि थंड लोखंडावर जमतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून पंखा तीन तास बुडवला, मग तारेच्या ब्रशने साफ केला. पंखा ॲल्युमिनियमचा असता तर सोडा चालला नसता, तो धातू खातो.

थर सगळीकडे सारखा निघाला तरी बॅलन्स पाहावा लागतो. हबमध्ये जुना १४ मिमी शाफ्टचा तुकडा घातला आणि लेव्हल केलेल्या दोन अँगलच्या धारांवर पंखा सोडला. दरवेळी एकच पातं खाली येत होतं. त्याच्या समोरच्या पात्याच्या मुळाशी वॉशरसकट छोटा बोल्ट लावून, वॉशर कमीजास्त करत पंखा कुठेही थांबेल असा केला. ८ ग्रॅम लागले. वेल्डिंगचा ठिपका देऊनही वजन वाढवता येतं, पण पातळ पातं त्याने ताणलं जातं. बोल्टला मागून नट आणि वर पंचचा घाव, सुटू नये म्हणून.

उद्या राखी, दुकानं बंद. पुढचं काम सोमवारी.

११ ऑगस्ट

बसवणी. नव्या शाफ्टवरचा रंग आणि गंजरोधक थर थिनरने पुसला. हब उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला, कोरडा केला, शाफ्टला ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात दिला आणि हब हाताने दाबून बसवला. हातोडा वापरला नाही. शाफ्टवर मारलेला घाव बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो, रिंगेवर खड्डे पडतात आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी कुरकुरते.

केसिंग आणि मोटरच्या पाट्यामध्ये ३ मिमी सिरॅमिक फायबरची गॅस्केट. शाफ्टच्या भोकाला आधी १० मिमीची फट होती, ती त्याच फायबरच्या चकतीने दीड मिमीवर आणली. पंखा आणि ब्लोअरच्या तोंडाचा शंकू यांत ३ मिमी अंतर ठेवलं. पायांखाली अर्ध्या मिमीची पितळी शिम (पातळ पट्टी) लागली. हाताने दोन वळसे फिरवून कुठेच खरखर नाही.

१२ ऑगस्ट

दिशा. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा नळीतूनच बाहेर येते, फक्त कमी. त्यामुळे "हवा येतेय ना, मग बरोबर आहे" या खात्रीवर बऱ्याच भट्ट्या वर्षानुवर्षं अर्ध्या ताकदीवर चालतात. केसिंगवर बाण काढून स्विच क्षणभर देऊन पाहिला. उलटी निघाली. टर्मिनल बॉक्समध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपसांत बदलली, सुलटी झाली. मेनची फेज-न्यूट्रल बदलून काही होत नाही.

दाब मोजायला गवंड्याचा लेव्हल पाईप वाकवून पाणी भरलं, एक तोंड नळीच्या भोकात. नळीतलं हवा अडवायचं शटर पूर्ण बंद: ५२ मिमी पाणी. उलट्या दिशेचं रीडिंगही घेतलं होतं: २९.

लोड पाहताना क्लॅम्प मीटरवर फार विसंबू नये. छोटी सिंगल फेज मोटर रिकामीही जवळपास भरल्याइतका करंट घेते. वॅट पाहावेत. शटर बंद असताना १९० वॅट, भट्टीला नेहमीसारखी जोडून २८५, नळी काढून मोकळ्या हवेत ३८०. पाहणाऱ्याला उलटं वाटतं: वाट अडवली की मोटर हलकी, मोकळी केली की जड. जास्त हवा ढकलायची म्हणजे जास्त काम. म्हणून नळी काढून "जरा चालवून बघू" असं अर्धा तास करू नये, आणि सुरू करताना शटर बंद असावं.

आच कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावायची टूम इथेही होती, बोर्डावर जागा सोडलेली दिसते. लावायचा नाही. वेग पडला की मोटरचा स्वतःचा थंड करणारा पंखाही मंदावतो आणि गुंडाळी तापते. हवा शटरनेच आवरायची.

१४ ऑगस्ट

आता मूळ दुखणं. नळी १४ इंचांवरून ३८ इंच केली आणि ब्लोअर जाळीच्या पातळीखाली, अँगलच्या वेगळ्या स्टँडवर आणला, जमिनीपासून फूटभर. आता नळी भट्टीकडे चढते, गरम हवेला उलटं यायला चढ उरला नाही. त्याहून खाली नेला नाही. जमिनीलगत झाडलेली राख ब्लोअर ओढतो. तोंडाला बारीक जाळी लावलेली नाही, ती पिठाने आणि तंतूंनी बुजते. १० मिमीची जाळी आणि वर पत्र्याचं छप्पर पुरे.

नळीत झडप. हाताने लावायचं शटर होतंच, पण वीज जाते तेव्हा महाराजांचे दोन्ही हात कढईत असतात. झडप आपोआप पडली पाहिजे. वर बिजागरी, खाली मोकळी, हवा आली की उचलते, थांबली की स्वतःच्या वजनाने पडते. पहिली १ मिमी पत्र्याची कापली, ती अर्धवटच उचलत होती आणि जाळीखालचा दाब ११ मिमीने पडत होता. २६ गेजच्या जीआय पत्र्याची वजनाने निम्मी भरते. ती पूर्ण उघडते आणि दाब फक्त ३ मिमीने पडतो. बिजागरीला ४ मिमी स्टेनलेस सळी, भोक ५ चं. घट्ट भोक काजळीने धरतं. झडपेवर नटांनी बसवलेलं झाकण ठेवलं आहे, महिन्यातून एकदा उघडून पुसायला.

झडप पडल्यावर एक धोका वाढतो, तो भट्टीवर पाटी लावून लिहिला आहे. वीज गेली, झडप पडली, राखेचं दारही बंद, तर निखारे हवेविना धुमसतात आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. खोली बंद असेल तर तो जीव घेतो, आणि हवा परत आली की साचलेला वायू एकदम पेट घेतो. म्हणून वीज गेली की पहिलं काम राखेचं दार उघडणं. चिमणीच्या ओढीने भट्टी संथ चालते, भात तरी होतो.

१८ ऑगस्ट

वायरिंग. साधा स्विच काढून पुशबटणाचा स्टार्टर, नो-व्होल्ट कॉइलचा, म्हणजे वीज गेली की सुटणारा. वीज परत आल्यावर ब्लोअर आपणहून सुरू होता कामा नये. राखेचं दार उघडं असताना तो सुटला तर निखारे थेट पायांवर येतात. ओव्हरलोड रिले १.९ अँपिअरवर. एमसीबी वायर वाचवते, मोटर नाही. वायर दीड चौरस मिमी तांब्याची, अर्थिंग मोटरला आणि भट्टीच्या पत्र्यालाही, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, गळती झाली की वीज तोडणारी. कपॅसिटरची डबी भिंतीवर, भट्टीपासून दूर.

संध्याकाळी इथे १९५ व्होल्ट मोजले. मोटरची उचल व्होल्टेजच्या वर्गाने पडते, म्हणजे ७२ टक्केच राहते. शटर बंद ठेवून सुरू करायचं हे दुसरं कारण.

२० ऑगस्ट

उष्णतेची चाचणी. दोन्ही तोंडं तासभर पूर्ण आगीवर, मग ब्लोअर बंद, राखेचं दार लावलेलं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर खोटं बोलतो, म्हणून मोजायच्या जागांवर आधी काळा रंग लावला. बंद केल्यावर ३० मिनिटांनी मोटरच्या पुढच्या कव्हरवर ५४ अंश, खोली ३१. झडप दोऱ्याने वर बांधून तीच चाचणी: ७९. जुन्या जागी, जुन्या नळीवर मोटर काढण्याआधी घेतलेलं रीडिंग ११२ होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त फायदा जागा बदलल्याचा, बाकीचा झडपेचा. ज्यांना फक्त एकच करणं परवडतं त्यांनी ब्लोअर खाली आणावा.

२८ ऑगस्ट

गणपती बसले, काल-आज दोन्ही तोंडं दिवसभर. लाकूड ओलं आहे, तोडल्यावर आत हिरवट. ओल्या लाकडाला जाळीखालची हवा वाढवली की राख उडते आणि आच येत नाही. वरच्या कड्याची हवा वाढवायची, खालची एक तृतीयांश ठेवायची. धूर गेला. पुढच्या फेरीची लाकडं भट्टीच्या मागच्या भिंतीशी रचून वाळवत ठेवली आहेत, नळीवर मात्र ठेवू दिलेली नाहीत.

दुपारी २० मिनिटं वीज गेली. झडप पडली, राखेचं दार उघडलं गेलं, वीज आल्यावर बटण दाबेपर्यंत ब्लोअर थांबून राहिला.

८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी झाल्यावर तपासणी. वॅट २९०, दाब ५१ मिमी, मेगर ५० च्या वर. पंख्यावर थर नाही. झडपेच्या कडेला काजळीचा पातळ कडा आला होता, पुसला. ग्रब स्क्रू एक अष्टमांश वळसा ढिला होता. काढून थ्रेडलॉक लावून परत घट्ट केला. नव्या बसवणीत पहिल्या महिन्यात हे होतंच, पाहून घ्यावं.

बाकी काम: कड्याची चार भोकं कढीच्या उताने बुजली आहेत, ६ मिमी ड्रिलने हाताने मोकळी करायची. दुसऱ्या तोंडाच्या फाट्याला वेगळं शटर, दीड इंची, नवरात्राच्या आधी.